उत्तर आलं नाही तर

रिकाम्या खोलीच्या दारात थांबून ते बोटांच्या सांध्यांनी चौकटीवर टकटक करायचे आणि विचारायचे, "येऊ काय?"

खोलीत कोणी नाही हे बाहेरूनच दिसत असायचं, तरीही. आणि विचारून लगेच आत शिरायचे असंही नाही. मान थोडी कलती करून थांबायचे, पलीकडून कोणी बोलतंय आणि ते ऐकतायत असे. मग स्वतःशीच मान हलवून आत पाऊल टाकायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्या सवयीची सगळे नक्कल करतात. आमच्याकडे मी नवीन होते तेव्हा चहाच्या सुट्टीत ती नक्कल रोज व्हायची.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पन्नाशीचे, काटकुळे, इस्त्रीचा शर्ट आणि पायात मात्र नेहमी त्याच चपला. निपाणीहून रोज बसनं बेळगावला यायचे, बसनंच परत जायचे. उद्यमबागेच्या तोंडाशी, एका टर्नर शॉपच्या माडीवर आमचं ऑफिस. फाउंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली, यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो, आणि अण्णा तिथले सगळ्यात जुने इंजिनिअर.

एकदा एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात लिफ्टचं दार उघडलं, आत कोणी नव्हतं. अण्णांनी टकटक केली, "येऊ काय?" म्हणाले आणि थांबले. दार मिटलं, लिफ्ट वर निघून गेली. मी हसू दाबत उभी. अण्णा शांतपणे जिन्याकडं वळले. "नको म्हटल्यासारखं वाटलं," ते म्हणाले. चेष्टा करतायत की काय म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. त्या जिन्यानं वर जाताना मी उगाच दोनदा मागं वळून बघितलं.

त्यांचं ऑफिसातलं खास काम म्हणजे डीफॉल्ट ठरवणं. हे काय असतं ते सांगते, कारण अण्णा समजायचे तर ते समजायला हवं. प्रोग्रामला कोणी काहीच सांगितलं नाही, तर त्यानं काय धरून चालायचं, ते म्हणजे डीफॉल्ट. आमचं सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी चालायचं. डेस्कटॉप मोडमध्ये समोर पडदा असतो आणि पडद्यासमोर माणूस. प्रोग्राम विचारतो, माणूस बटण दाबतो. सर्व्हर मोडमध्ये पडदा नाही, माणूस नाही. मागच्या खोलीत कपाटातल्या कॉम्प्युटरच्या डब्यात तो आपला आपण चालत असतो. दोन्ही तऱ्हांना सुरुवातीच्या सेटिंग वेगळ्या लागतात, आणि अण्णा त्या एकेक करून, तांदूळ निवडावेत तशा निवडायचे.

डेस्कटॉप मोडमध्ये अक्षर मोठं, कारण फोरमनचा चष्मा घरी राहिलेला असतो. कन्नड वर, मराठी खाली. बटणं लांब लांब, कारण हातमोजे घातलेलं बोट जाडजूड असतं. हे सगळं ते मला समजावून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "माणूस बोलंल ते कुणीबी ऐकंल गं. गप बसला तर काय, ते आपल्याला ठरवायचं हाय."

भांडण झालं ते वाळूच्या मिक्सरवरून.

फाउंड्रीत साच्यासाठी वाळू कालवावी लागते. ती कालवायला लोखंडी हौदासारखं मोठं मिक्सर असतं, आत जड चाकं आणि पाती गरगर फिरतात. वाळू कडेला चिकटून घट्ट होते. ती खरवडायला माणसाला आत उतरावं लागतं. मिक्सरच्या दाराला एक स्विच असतो, दार उघडं असलं की यंत्र सुरू होऊ नये म्हणून. पण काम अडतं म्हणून बऱ्याच ठिकाणी तो स्विच दोरीनं बांधून टाकलेला असतो. मिक्सर सुरू करण्याआधी आमचा प्रोग्राम विचारायचा, "आत कोणी आहे का?" समोरचा माणूस 'नाही' दाबायचा, घंटी वाजायची, मिक्सर सुरू.

पण सर्व्हर मोडमध्ये दाबणार कोण? उत्तर आलं नाही तर काय धरायचं?

अण्णांनी लिहिलं होतं: आत माणूस आहे असं धरायचं. म्हणजे यंत्र सुरू करायचंच नाही.

एका मोठ्या फाउंड्रीनं तक्रार केली. जेवणाच्या सुट्टीनंतर वाळू तयार पाहिजे असते आणि मिक्सर थंड पडलेलं असतं. आमच्या मालकांनी अण्णांना सगळ्यांसमोर विचारलं, "सर्व्हर मोड म्हणजे समोर कोण बसलेलं नाही. बरोबर? मग आत माणूस आहे हे कुठून आणलासा?"

"समोर बसलेला न्हाय म्हणजे आत न्हाय, असं कुठं हाय, साहेब?" अण्णा म्हणाले.

"बाकी कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर असं करत नाही."

"करत नसंल."

मालक तसे भले गृहस्थ, पण गिऱ्हाईक जाईल म्हणून घाबरले होते. त्यांनी सांगितलं, सर्व्हर मोडचं डीफॉल्ट बदला: उत्तर आलं नाही तर आत कोणी नाही असं धरा, घंटी वाजवा, सुरू करा. आम्हाला वाटलं, आता अण्णा राजीनामा देणार. पण त्यांनी ती ओळ बदलली आणि डबा उघडून जेवायला बसले.

आमच्या गिऱ्हाइकांत सर्व्हर मोडवर मिक्सर चालवणारी ती एकच फाउंड्री. बाकी सगळीकडं केबिनमध्ये माणूस बसायचा. तो बदल बसवायला अण्णा स्वतः गेले, मला बरोबर नेलं.

जेवणाची सुट्टी झाली होती. फाउंड्री तुम्ही चालू असताना बघितली असेल, तर बंद असतानाचा तिचा गप्पपणा तुम्हाला सोसणार नाही. पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या पट्ट्या खाली आलेल्या, त्यांत काळी धूळ जागच्या जागी तरंगत होती. मधोमध ते मिक्सर, दार उघडं. अण्णा दारापाशी वाकले, लोखंडावर टकटक केली आणि आत विचारलं, "कोण हाय काय?"

हौदानं त्यांचा आवाज परत दिला, पण जरा उशिरा आणि जरा खालच्या सुरात. अण्णा वाकलेलेच राहिले. मला तिथून बाहेर उन्हात जावंसं वाटत होतं.

"अण्णा, कोणी नाही. दिसतंय की."

ते सरळ झाले. चष्मा पुसत म्हणाले, "माझा थोरला भाऊ विशीतच असल्याच मिक्सरमधी गेला. त्याच्या पगारावर मी कॉलेजात होतो. ज्यानं बटण दाबलं त्यो काय वाईट माणूस नव्हता. हाक मारलती त्यानं. पोलिसालाबी त्यानं तेच सांगितलं, हाक मारलो म्हणून. खोटं न्हाय ते. हाक मारली, पण थांबला न्हाय."

त्यांनी चष्मा घातला आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर जोडायला गेले. मला बाहेर चहा प्यायला पाठवलं. परत आले तोवर काम झालं होतं. कपाटात डबा, त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. कपाट बंद करून आम्ही निघालो.

त्यानंतर अण्णांना एक नवी सवय लागली. रोज दुपारी जेवायला बसले की डब्याशेजारी लॅपटॉप उघडा ठेवायचे आणि मध्येच फोन घेऊन खिडकीशी जायचे. हळू आवाजात काहीतरी बोलायचे, थांबायचे, पुन्हा बोलायचे. "नीट बघितलासा? मग बघा जावा परत." आमच्यात पैज लागली की अण्णांचं कुठंतरी जुळलंय. एकीनं धीर करून विचारलंही, "अण्णा, कुणाला ओ फोन?" अण्णा लाजल्यासारखे हसले. "हाय एक. रोज विचारावं लागतंय," म्हणाले. आमची खात्रीच पटली.

एका सोमवारी निपाणीची बस बेळगावच्या स्टँडवर लागली. सगळे उतरले, अण्णा खिडकीला डोकं टेकून बसलेलेच. कंडक्टरनं हाक मारली, मग खांदा हलवला. घाटात कुठंतरी गेले असावेत, डॉक्टर म्हणाले. शेजारी बसलेली बाई सारखी सांगत होती की हत्तरगीपर्यंत ते माझ्याशी बोलत होते. अंत्यविधीला आम्ही सगळे निपाणीला गेलो. बुद्धवंदना झाली. त्यांच्या बायकोनं, वैनींनी, आम्हा प्रत्येकाला नावानं ओळखलं. त्यांना आमच्याबद्दल इतकं ठाऊक असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. अण्णांच्या जागी नवा इंजिनिअर आला.

एके दिवशी दुपारी त्या फाउंड्रीच्या सुपरवायझरचा फोन आला, आवाज चढलेला. वाळू तयार नाही, मिक्सर सुरूच झालं नाही, तुमचं सॉफ्टवेअर झोपलंय काय? मालकांनी मला विचारलं, असं कसं? डीफॉल्ट तर बदललं होतं. घंटी वाजून सुरू व्हायला हवं. तोवर सुपरवायझरचा पुन्हा फोन. या खेपेला त्याला नीट बोलता येत नव्हतं. मिक्सर का सुरू झालं नाही म्हणून तो बघायला गेला, तर आतून मल्लाप्पा नावाचा कामगार बाहेर येत होता. खरवडायचं काम त्या दिवशी त्याच्यावर आलेलं. उचगावला मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता, लवकर सुटता यावं म्हणून कोणाला न सांगता सुट्टीतच खरवडायला उतरला होता. स्विच दोरीनं बांधलेला होता.

मी पोचले तेव्हा मल्लाप्पा पायरीवर बसून पाणी पीत होता. त्याला अजून नीटसं कळलं नव्हतं. "रोज ह्या टायमाला चालू होतंय व्हय, मला काय ठाऊक, मॅडम? मी तर भट्टीवरला माणूस," एवढंच तो म्हणत होता. मग कळलं आणि त्याच्या हातातला तांब्या खाली पडला.

मागच्या खोलीत जाऊन मी कपाट उघडलं. डब्याला बरोबर आणलेला पडदा जोडला. पडदा उजळला, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत, कन्नड वर आणि मराठी खाली, प्रश्न उभा होता: आत कोणी आहे का?

तो प्रोग्राम सर्व्हर मोडमध्ये नव्हताच. अण्णांनी तो डेस्कटॉप मोडमध्ये चालू केला होता. समोर पडदा आहे, पडद्यासमोर माणूस बसलाय, अशी त्याची समजूत करून दिली होती. बंद कपाटाच्या अंधारात, नसलेल्या पडद्यावर, नसलेल्या माणसाला तो रोज दुपारी विचारत होता आणि उत्तराची वाट बघत होता.

हे लक्षात आलं आणि पाठोपाठ दुसरं लक्षात आलं. अण्णा गेले तेव्हा दोन दिवस ते अडल्याची तक्रार आली होती, पण पुढं मिक्सर रोज सुरू होत होतं. म्हणजे कालपर्यंत रोज कोणीतरी उत्तर देत होतं.

मी मालकांना फक्त एवढंच सांगितलं की उद्या परत जाऊन बघावं लागेल. दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायच्या आत त्या खोलीत जाऊन बसले. पडदा जोडलेला. कीबोर्ड नाही, माऊस नाही. बाहेरचे आवाज एकेक करून बंद झाले. उन्हाची पट्टी कपाटाच्या दारावर आली. प्रश्न उमटला.

काही झालं नाही. मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मग पडद्यावरचा बाण हलला. आधी थोडासा, मग सावकाश, म्हाताऱ्या माणसानं रस्ता ओलांडावा तसा, 'नाही'पर्यंत गेला. तिथं थांबला. बराच वेळ नुसता थांबला. मी खोलीत एकटी होते आणि माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

बटण दबलं. बाहेर घंटी घणघणली, आणि मिक्सरच्या पहिल्या फेऱ्यानं पायाखालची फरशी थरथरली.

मी बाहेर पळाले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तुम्हीही पळाला असता.

उन्हात उभी राहिल्यावर डोकं ताळ्यावर आलं. लांबच्या कॉम्प्युटरवरून कोणीतरी हा डबा चालवत होतं. परत आत जाऊन ती जोडणी कुठून येते ते शोधलं. ती निपाणीहून येत होती, अण्णांच्या घरच्या कॉम्प्युटरवरून. गेट‌वरच्या वॉचमनमामांना विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं. भट्टीच्या आवाजात उभा जन्म गेलेला. ओरडून विचारलं तेव्हा म्हणाले, "व्हय, रोज फोन येतोय की. आदी त्या सायबांचा येत हुता. आता बाईंचा येतोय. आत बघून या म्हणत्यात, बघतो. काल न्हाय म्हणून सांगितलो. मिक्सरात कोण बघतंय ओ, मी भायरूनच बघितलो."

"काल तुम्ही त्यांना 'नाही' सांगितलं?"

"सांगितलो की."

तरीही काल बटण दाबलं गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निपाणीला गेले. वैनींनी दारातच हात धरला, आत नेलं, पाणी दिलं. पुढच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर विणलेला रुमाल. मी विचारलं तेव्हा त्यांना माझंच नवल वाटलं.

"ह्ये सुट्टीला घरात असले की इथंच बसायचे. मी बघायची. मग ह्ये गेले. तिसऱ्या दिवशी घरात माणसं भरलेली, आन् ह्याच्यावर प्रश्न आला. कुणाला सांगू? ह्यांच्या फोनात नंबर हुता, मीच लावला. तेव्हापासनं रोज लावतो. बंद कर म्हणून मला कुणी सांगितलं न्हाय, बाळ."

"परवा तुम्ही बटण दाबलं नाही, वैनी. वॉचमन 'नाही' म्हणाला होता ना?"

"म्हणाला की. माझा हात बटणावर हुता." त्यांनी पदर सारखा केला. "पर त्याच्या मागं कुणीतरी गुणगुणायला लागलंतं. हिरीत बसून गावं तसं, घुमायचं ते. म्हटलं, ह्या म्हाताऱ्याला ऐकू यीना, पर आत माणूस हाय. मग मी दाबलो न्हाय. आत हुता न्हवं?"

"होता."

वैनींनी डोळे मिटले आणि उघडले. "बरं झालं. गाणं म्हणत हुता म्हणून वाचला."

पण त्या दिवशी मल्लाप्पाशी मी बोलले होते. धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून त्यानं तोंडाला ओला टॉवेल गच्च बांधला होता. गाणं सोडाच, हूं की चूं केलं नव्हतं, कारण कोणाला कळलं तर सुपरवायझर बाहेर काढेल ही भीती. हे वैनींना सांगावं की नाही ते मला कळेना. शेवटी सांगितलं.

त्यांनी कॉम्प्युटरवरच्या रुमालाची घडी घातली. "मग कोण गात हुतं गं?"

"अण्णा...?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"छे." त्या चक्क हसल्या. "ह्यांना कुठलं गाणं येतंय! पाळण्यातल्या पोरालाबी पाढे म्हणून झोपवायचे." मग हसू ओसरलं. "कवळा आवाज हुता. विशीतल्या पोराचा असावा तसा."

मला सोडायला त्या बस स्टँडपर्यंत आल्या.

मल्लाप्पाच्या गोष्टीचा परिणाम झाला. फाउंड्रीच्या मालकानं मिक्सरला किल्लीचं कुलूप बसवलं. आत उतरणाऱ्यानं किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन उतरायचं. ती परत लावल्याशिवाय यंत्राला वीजच मिळत नाही. आमच्या मालकांनी सर्व्हर मोडचं डीफॉल्ट पुन्हा अण्णांनी लिहिलं होतं तसं केलं. मी वैनींना फोन करून सांगितलं की आता किल्ली लावणाराच उत्तर देईल, तुमच्याकडं प्रश्न यायची गरज राहिलेली नाही, ती जोडणी मी काढून टाकते.

"काढायलाच पायजे काय?" त्यांनी विचारलं.

मी काढली नाही. कुलूप आहेच, वर एक माणूस असला तर बिघडत नाही, असं आमच्या मालकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

मध्ये निपाणीला काम निघालं तेव्हा मी पुन्हा त्यांच्याकडं गेले. जेवायला बसवलं. भाकरी, वांग्याची भाजी, वर दही. जेवता जेवता पुढच्या खोलीतून बारीक आवाज झाला. वैनींनी हात धुतला, पदराला पुसला आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. फोन लावून तो टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून.

"बघितलासा, मामा?"

"बघितलो. किल्लीबी जागेवर हाय. कोण न्हाय, बाई."

"बरं. फोन ठेवू नगासा. जरा तसाच मिक्सराजवळ धरा."

मामांची पावलं वाळूत करकरत गेली आणि थांबली. मग फोनमधून काहीच येईना. त्या पोकळ लोखंडातली शांतता तेवढी खोलीभर झाली. वैनी टेबलावर हात ठेवून, फोनकडं कान करून बसल्या होत्या. मी उष्ट्या हातानं दारात उभी होते. आम्ही दोघी ऐकत होतो. वैनींचा चेहरा मला बाजूनं दिसत होता, आणि आवाज येऊ नये असं त्यांना वाटतंय की यावा असं, ते मला सांगता येणार नाही.

बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. दही आंबट झालं असेल, घालू नकोस जास्त, असं वैनी फोनवरची नजर न काढता मला म्हणाल्या. आणखी थोडं थांबल्या.

मग त्यांनी 'नाही' दाबलं.